तसबिरीपुढची नोट

वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी आईबरोबर कचेरीत गेले होते. टेबलावर गणपतीची तसबीर होती, तिला जास्वंदीचं ताजं फूल. कारकून म्हणाला, "माझ्या हातात काही देऊ नका. देवापुढे ठेवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांनी देवालाच दलाल करून बसवलंय! लाच हा शब्द कुणी उच्चारतच नाही, म्हणायचं दक्षिणा. आणि यांना शिकवलं कुणी? काम कर, नारळ फोडीन, असं देवाला आपणच सांगत आलो.

आईने मुकाट्याने नोट ठेवली, सवयीने हात जोडले. नमस्कार आपल्यालाच, असं समजून कारकुनाने हात वर केला.

"सुखी राहा, आजी."