डोळे भरायचा चाकू

जुने खिशातले चाकू जमवणाऱ्यांत मला सर्वांत जास्त तिटकारा आहे तो घासणाऱ्यांचा. चाकू ओळखायचा तर आधी तो नुसता बघावा लागतो. पात्याच्या बुडाशी कोरलेला छाप, मुठीचं हाड, स्प्रिंगची चाल. हे लोक आधी मशीन सुरू करतात.

आमच्या सावेडीत असे एक गृहस्थ आहेत. सुप्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, पॉलिशचं मशीन घरी आणलं आणि चाकूंचे तज्ज्ञ झाले. त्यांच्या कपाटातला प्रत्येक चाकू कुठल्या ना कुठल्या गोऱ्या साहेबाचा. कशावरून? तर, "बघितलं की कळतं." कळण्यासारखे छाप त्यांनी स्वतःच घासून उडवलेले.

माझ्या शेजारच्या काकू मूळच्या मिरजगावकडच्या. त्यांच्या सासऱ्यांना एका पाद्रीबाबांनी दिलेला चाकू त्यांनी मला दाखवला होता. पातं काळवंडलेलं, मुठीच्या टोकाला हाडाची छोटी चपटी जीभ. झाडाची साल अलगद उचलायला असते ती. सासरे त्या चाकूनं गावठी बोरीवर चांगल्या बोराचे डोळे भरायचे, म्हणजे साल उचलून आत चांगल्या झाडाचा कोंब बसवून कलम करायचे. छाप वाचायला भिंग घेऊन येतो, असं सांगून मी एका लग्नाला परगावी गेलो.

परत आलो तर काकूंच्या घरात भांडण पेटलेलं. मी नसताना तज्ज्ञ चाकू 'बघायला' म्हणून घरी घेऊन गेले होते. तज्ज्ञ सोफ्यावर बसलेले, हातात आरशासारखा चमकणारा चाकू.

"ह्यो आमचा न्हाई," काकू ओरडत होत्या. "माझा चाकू बदलला ह्यांनी! आमचा काळा हुता."

"अहो, तोच आहे. फक्त साफ केला. टोकाला हाडाचं काहीतरी तुटकं राहिलं होतं, तेही काढून टाकलं," तज्ज्ञ म्हणाले. मग मला, "इंग्रज कलेक्टराचा आहे. लिफाफे फोडायचा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगा आता."

खोटं बोलायचा मोह झाला. चोर म्हणून तज्ज्ञांचं गल्लीभर नाव झालं असतं तर मला मुळीच वाईट वाटलं नसतं. पण मी चाकू उघडला. छाप नव्हता, जीभ नव्हती, हाड गुळगुळीत झालेलं. मशीनचं चाक आतल्या फटीत मात्र शिरत नाही. पातं मिटताना पितळी पट्टीला घासून पडलेली तिरपी रेघ आत तशीच होती. मी ती आधी पाहिलेली होती.

"काकू, तुमचाच आहे," मी म्हणालो.

तज्ज्ञांचा चेहरा खुलला. "बघा! मी सांगत होतो ना?"

काकूंनी माझ्या हातातून चाकू घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "चोर असता तर बरं झालं असतं. त्यानं जपला तरी असता."

एवढं ऐकूनही गृहस्थ चहा घेऊनच उठले. संध्याकाळी संग्राहकांच्या ग्रुपवर चाकूचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'कलेक्टरचा चाकू, जाणकारांकडून खात्री केलेला.' जाणकार म्हणजे मी. मी ग्रुप सोडला.

काकू चाकू घेऊन गावी गेल्या. बोरी अजून दिरांच्या शेतात आहेत. दिरांनी शिंगाचा तुकडा घासून टोकाला नवी जीभ बसवली आणि डोळे भरायला घेतले. चांगला चालतो म्हणे. तज्ज्ञांना मी हे सांगितलेलं नाही. लगेच मशीन घेऊन मिरजगावला निघतील.