बेंदराच्या दिवशी ओढ्यातली मोटार

मी शाळा चौथीतच सोडली, त्यामुळे देवाविषयी काही शहाणपणाचं लिहावं एवढी माझी पोच नाही. जे झालं ते सांगतो. त्या काळी माझ्या मनात एक शंका घर करून होती आणि ती बोलून दाखवायची लाज वाटे. आमचं गाव खाली कोकणात. गावची देवी जाखमाता. शिमग्यात तिची पालखी घरोघर जाते, पण गावच्या वेशीपाशी आली की खांदेकरी थांबतात आणि पालखी मागे फिरवतात. पलीकडे दुसऱ्या देवाचा अंमल. हे मी लहानपणापासून पाहत आलेलो. पुढे पोटासाठी घाट चढून वर आलो, मोटार हाकायला शिकलो, वेल्ह्यात हिरड्याच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला लागलो, बायकोलाही घेऊन आलो. दिवस कामात जाई. पण जरा निवांत बसलो की वाटे, आपली देवी तर वेशीवरून मागे फिरली. इथली देवी मेंगाई, ती इथल्या लोकांची. आमच्यावर काही बेतलं तर हाक मारायची कुणाला?

त्या व्यापारी शेटांच्या घरी मोटार येण्याआधी दमणी होती, हलकी बैलगाडी. वर बाकदार तट्ट्या, आत गादी, पुढे पांढरी खिलारी जोडी. जत्रा, लग्नं, माहेरपणं, सगळं त्या दमणीतून झालेलं. मोटार आली तेव्हा ती कापडी टपाची, काळी, पुढे पितळी दिव्यांची, आणि अख्खं वेल्हे तिला हात लावून गेलं. फक्त शेटांच्या आई, थोरल्या आईसाहेब, तिच्यात कधी बसल्या नाहीत. मी मोटार धूत असलो की ओट्यावरून म्हणायच्या, “आरं, बैलाला डोळं असत्यात. त्यो खड्डा बघून चालतो. ह्या डबड्याला काय हाय? तू डुलकी काढलीस की ते बी गेलं दरीत!” मी हसायचो, पण मोटारीत बसताना दर वेळी मनातल्या मनात त्यांचं बोलणं आठवून दचकायचो. स्वभावच तसला माझा.

बायकोचं पहिलंच बाळंतपण. कळा सुरू झाल्या, पण काही केल्या सुटका होईना. सुईण बाहेर आली ती तोंड उतरवूनच. म्हणाली, “पोर आडवं हाय बाबा. माझ्या हातातलं न्हाई ऱ्हायलं. भोरच्या दवाखान्यात न्या, आन् लवकर न्या.” शेट बाहेरगावी गेलेले. मोटार मागायची कुणाकडे, या विचारात मी अंगणात नुसता उभा. तेवढ्यात थोरल्या आईसाहेबच काठी टेकत आल्या. “हुबा काय ऱ्हायलास खांबावानी? काढ की तुझं डबडं!” असं म्हणून त्यांनी स्वतःची गोधडी मागच्या बाकावर अंथरली. बायकोला त्यावर निजवलं, सुईण तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि आम्ही निघालो.

दिवस वर आलेला, पण उजेड म्हणून नव्हता. धुकं रस्त्यावर उतरलेलं, बारीक पाऊस. काच हाताने पुसायची, पुन्हा ती पांढरी व्हायची. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की मोटार जागच्या जागी उभी आहे आणि झाडं, बांध, दगड हेच आमच्या अंगावरून वाहत मागे चाललेत. मागून बायकोचं कण्हणं येई, मग थांबे. थांबलं की मी मान वळवून मागे पाहायचो. मी देवीला हाक मारायला गेलो आणि जीभ अडली. म्हटलं, तिचा मुलूख नाही हा. मेंगाईचं नाव घ्यावं, तर तिच्या देवळात मी कधी धड नारळ ठेवला नव्हता. मग नुसतंच म्हणत राहिलो, “कुणीतरी या. कुणीतरी या.”

पुढे एका वाडीजवळ ओढा लागला. पाणी उतरलेलं होतं, पण पलीकडच्या चढावर चिखल. मोटार पाण्यातून निघाली आणि चढाच्या तोंडाशी रुतली. मी जोर दिला, चाकं जागेवर फिरली, चिखल उडाला, मोटार आणखी खाली बसली. पुन्हा जोर दिला. इंजिन किंचाळत होतं आणि मीही बहुतेक ओरडत होतो.

तेव्हा धुक्यातून घुंगरं वाजली. आधी नुसता आवाज, मग हिंगूळ लावलेली लाल शिंगं, बेगड, गळ्यात झेंडूच्या माळा. बैलांमागून बैल येत होते, धुतलेले, सजलेले, जमिनीला पाय न लावता चालल्यासारखे. क्षणभर मला कळेना की मी कुठे आहे. मग ध्यानात आलं, आज बेंदूर, बैलांचा सण. बैलांना ओढ्यावरून धुऊन, सजवून वाडीत नेत होते.

मी धावत गेलो. पुढे एक म्हातारबा होते, त्यांचे पायच धरले. “एक जोडी लावा मोटारीला. बाईमाणूस अडलंय आत.”

म्हातारबांनी मोटारीकडे पाहिलं, मग बैलाच्या मानेवर हात ठेवला. “आज न्हाई जमायचं. काल सांजच्याला खांदं मळल्यात त्यांचं, हळद-लोणी लावून. आज त्यांच्या मानंवर जू चढत न्हाई.”

मला रडू फुटलं. म्हटलं, एका जनावराच्या सणापायी माझं माणूस जाणार. पण म्हातारबांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी मागे वळून हाक दिली, “ए पोरांनू! सुट्टी बैलांस्नी हाय, तुमास्नी न्हाई! नाडा आना!”

गडी हसत आले. मोटारीच्या पुढच्या आसाला तो जाड दोर, नाडा, बांधला, फेटे कमरेला गुंडाळले, नाडा खांद्यावर घेतला. मी परत मोटारीत बसून इंजिन चालू केलं तसे म्हातारबा खिडकीशी आले. “डायवर, ते घुरघुरनं बंद करा आधी. चाकं फिरवून फिरवून तुमीच खोल चाललाय.”

“पण मग...”

“काय बी करू नगा. सोडून द्या आन् गप बसा.”

मी इंजिन बंद केलं. गियर काढला. ब्रेक सोडला. इतकी शांतता झाली की मागे बायकोचा श्वास ऐकू आला. चढावर, अवजड मोटारीत, हातात काहीच न धरता बसणं काय असतं ते मोटार हाकणाऱ्यालाच कळेल. गड्यांनी एक आरोळी दिली आणि मोटार हलली. आवाज न करता, हळूहळू, डुलत वर निघाली. मला वाटलं, खांद्यावरून कुणी आम्हाला नेतंय. काठावर वाडीतली एक सून उभी होती, ती नवऱ्याला ओरडून म्हणाली, “ओढा जोरानं! रातच्याला तुमचं बी खांदं मळते हळदीनं!” सगळे खदखदून हसले, आणि त्या हसण्यातच मोटार वर आली. बैल बाजूला उभे राहून पाहत होते.

दुपारी आम्ही भोरला पोचलो. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. दिवेलागणीला मुलगी झाली. आई वाचली, लेक वाचली.

बायकोला घरी आणल्यावर मी नारळ घेऊन त्या वाडीत गेलो. म्हातारबा खाचरात चिखलणी करत होते, तीच जोडी जुंपलेली. मी विचारलं, “हा कुठल्या देवापुढं फोडू? तुमी सांगाल त्या देवळात जातो.”

“लेकरू बरं हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग देवाला कवाच समजलंय. फोडा हितंच दगडावर. पोरं सकाळधरनं चिखलात हायती, भुकेजल्यात.”

आम्ही बांधावर बसून ते खोबरं खाल्लं. काळजी करण्याचा माझा स्वभाव अजून गेलेला नाही. लेक जरा खोकली तरी जीव खालीवर होतो. पण जिथे माझा जोर मलाच खोल नेतो, तिथे हात सोडता येतो, एवढं मला त्या चढावर कळलं. निघताना मी हात जोडले. समोर म्हातारबा होते, बैल होते, मागे ढगात गेलेला डोंगर होता. नमस्कार ज्याचा असेल त्याने घ्यावा.