बु वागियेमचे अकरा गुरुवार

एके वर्षी आमच्या गल्लीत अशी कुजबूज होती, की बु वागियेमने एकसष्टाव्या वर्षी राजवाड्यातल्या एका म्हाताऱ्या नोकराशी सूत जमवलंय आणि दर गुरुवारी नऊ वाजता नवी छत्री घेऊन ती त्याला भेटायला जाते. ही कुजबूज कोणी सुरू केली ते सांगता येत नाही. मीच सुरू केली असं बु तुमिनी म्हणते. पण बु तुमिनी पापड विकते, तिच्या बोलण्यालाही तेवढंच वजन.

आमची गल्ली जावातल्या योग्याकार्ताच्या राजवाड्याच्या मागच्या भिंतीला चिकटून आहे. इथे बाईला बु म्हणतात आणि पुरुषाला पाक. मी रोज सकाळी होल्याचा पिंजरा खांबावर टांगतो आणि त्याच भिंतीला पाठ टेकून बसतो. समोर वागियेमचं फणसाच्या भाजीचं दुकान. दुकान म्हणजे एक बाकडं, दोन पातेली आणि केळीची पानं. आठ वाजेपर्यंत भाजी संपते, मग गप्पा उरतात.

तिचा नवरा सुवार्जो. तो राजवाड्यात नोकर होता. तीस वर्षं रोज सकाळी निळा पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा घालून, डोक्याला कापड बांधून, अनवाणी निघायचा. काम काय, असं विचारलं की म्हणायचा, "आतलं आहे." यापुढे एक शब्द नाही. मग बाकीचं गल्लीने ठरवलं. आधी त्याला दिवे लावायला ठेवलं, मग वाद्यं पुसायला, आणि तो वारला तोवर राजाच्या जुन्या कट्यारी त्याच्या ताब्यात होत्या. वागियेमने कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे नाही म्हणायची पद्धतच नाही.

त्या कट्यारींच्या जोरावर तिला गल्लीत मान होता. कोणाचं लग्न निघालं की बायका आधी तिच्याकडे. "बु, वाड्यात तांदूळ कुठून टाकतात हो?" वागियेम क्षणभर डोळे मिटायची आणि सांगायची, "उजवीकडून." आमच्या गल्लीत तीस वर्षं तांदूळ उजवीकडून पडताहेत.

ती स्वतः कधी आत गेली नव्हती. तसं आमच्यातलं कोणीच गेलं नव्हतं. वाडा बघायला शाळेच्या सहली येतात, परदेशी माणसं येतात. आम्ही कशाला जाऊ, आम्ही तर तिथेच राहतो. पण आम्ही गेलो नाही ते चालण्यासारखं होतं. तिचं तसं नव्हतं.

सगळा घोटाळा "या, बसून जा" यातून झाला. आमच्याकडे दारावरून कोणी चाललं की असं म्हणायचं असतं. त्यावर जाणाऱ्याने "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचं आणि चालू लागायचं. यात दोघांचाही मान राहतो आणि कोणाचा भात कमी होत नाही. जानेवारीत एक उंच डच मास्तर हातात नकाशा घेऊन गल्लीतून चालला होता. नाव बार्त. निवृत्त माणूस, संध्याकाळच्या वर्गात आमची भाषा शिकून आलेला. वागियेम सवयीने म्हणाली, "या, बसून जा."

तो बसला.

साडेतीन तास बसला. भाजी खाल्ली, पातेल्यात डोकावून बघितलं, आणि मला सांगितलं की आजवर सगळीकडे त्याला तिकिटाच्या खिडक्याच भेटल्या, इथे पहिल्यांदा खरी संस्कृती भेटली. मी मान हलवली. वागियेम मला म्हणाली, "पाक, याला 'पुढच्या वेळी' म्हणायला कोणी शिकवलं नाही का?"

"तुम्हीच शिकवा," मी म्हटलं. "तुमच्याकडचा पाहुणा आहे."

बु तुमिनी मध्ये पडली नसती तर तो हात धुऊन गेला असता. पण तुमिनीला गप्प बसवत नाही. ती म्हणाली, "साहेब, ह्या बाई कोण माहीत आहे का? ह्यांच्या नवऱ्याकडे राजाच्या कट्यारी होत्या. ह्यांना वाडा आतून सगळा पाठ आहे."

बार्तने वही काढली. एप्रिलमध्ये बायकोला घेऊन येईन म्हणाला, तेव्हा तुम्ही आम्हाला वाडा दाखवाल का? वागियेमने डोळे मिटले आणि म्हणाली, "हो, हो." हे आमच्याकडचं 'नाही' होतं. त्याने वहीत तारीख लिहून घेतली.

मार्चमध्ये त्याचं कार्ड आलं. त्याच्या गावातली पवनचक्की, आणि मागे लिहिलेलं: तिकिटं काढली. पोस्टमनने ते सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. तुमिनी म्हणाली, "आता दाखवतेच आहेस तर आम्हीही येतो. तुझ्यामुळे आम्हाला तरी बघायला मिळेल."

"या की," वागियेम म्हणाली. हेही 'नाही'च होतं, पण तुमिनीने त्याच दिवशी अकरा जणांची नावं गोळा केली.

वागियेमला कसली भीती होती ते तिने मला नंतर सांगितलं. परक्यापुढे फजिती झाली असती तर तो विमानात बसून गेला असता. तुमिनीपुढे झाली असती तर तुमिनी तिथेच राहिली असती. आणि सुवार्जोच्या कट्यारी गेल्या असत्या त्या वेगळ्याच.

गुरुवारच्या फेऱ्या जानेवारीच्या शेवटी सुरू झाल्या होत्या, तो बार्त गेल्यावर लगेच. भाजी संपली की ती चांगली झुळझुळीत चोळी घालायची, नक्षीचं लुगडं नेसायची, छत्री उघडायची आणि वळसा घालून वाड्याच्या पुढच्या बाजूला जायची. "कुठे निघालात?" मी विचारायचो.

"इथेच."

"इथेच जायला नवी छत्री?"

"जुनी गळते."

पाऊस नव्हता. चौथ्या गुरुवारी मी होल्यासाठी दाणे आणायला निघालो आणि, दाणे दुसऱ्या बाजूला मिळतात तरी, वाड्याच्या फाटकाशी पोचलो. फाटकातून अंगण दिसतं. झाडाखाली वागियेम बसली होती, शेजारी निळ्या पट्ट्यांच्या अंगरख्यातला एक दात पडलेला म्हातारा. तो काहीतरी सांगत होता, ती मान डोलावत होती. मधेच तिने डोळे पुसले आणि लगेच हसली. मी जे बघितलं तेवढंच तुमिनीला सांगितलं. चोळीचा रंग तिने स्वतः वाढवला.

एप्रिलमध्ये बार्त आणि त्याची बायको आली. बायकोचं नाव अनेके, तिला आमची भाषा येत नव्हती. बु वागियेम पुढे, मागे ते दोघे, मागे आमच्या गल्लीचे अकरा आणि मी. फाटकावरचा माणूस म्हणाला, "सहल कुठल्या गावची?"

"मागच्या गल्लीची," मी म्हटलं.

वागियेमने वाडा दाखवला. इथे राजा बसतो, इथे वाद्यं ठेवतात, ह्या खांबावरची ही फुलं, ह्या दाराने बायकांनी जायचं नाही. एकदाही अडखळली नाही. बार्त लिहीत होता. तुमिनीचं तोंड उघडं होतं आणि, मी तिला चाळीस वर्षं ओळखतो, त्यातून आवाज येत नव्हता. एका ठिकाणी तिने मला कोपर मारलं. चिकूसारख्या पानांच्या झाडाखाली तो दात पडलेला म्हातारा खराटा घेऊन उभा होता. वागियेमने त्याच्याकडे बघितलं नाही. तुमिनी कुजबुजली, "बघितलंस? ओळखही दाखवत नाही. म्हणजे नक्की."

मग बार्तने विचारलं, "आणि कट्यारी कुठे? तुमचे पती कुठे उभे राहत होते?"

वागियेमने डोळे मिटले. गल्ली पुढे सरकली. त्याच वेळी अनेकेला झाडाचा फोटो हवा होता म्हणून ती पायरी उतरून अंगणातल्या वाळूवर चालू लागली. वाळूवर खराट्याच्या रेघा होत्या, एकीला एक लागून, सरळ. तिच्या बुटांचे ठसे त्यात उमटत गेले.

वागियेमने डोळे उघडले. "बाई, कडेने चला. आत्ताच झाडलंय."

"काय झालं?" बार्तने विचारलं.

"हे माझ्या नवऱ्याचं आहे," वागियेम म्हणाली. "त्या झाडापासून या पायरीपर्यंत. तीस वर्षं त्याने झाडलं. कट्यारी त्याने कधी बघितल्या नाहीत. मीही नाही."

मग तुमिनीला राहवलं नाही. "एवढंच?"

"एवढंच. झाडून बघ."

म्हाताऱ्याने गंभीरपणे तुमिनीच्या हातात खराटा दिला. तिने चार हात जागा झाडली. रेघा वाकड्या आल्या, एके ठिकाणी खड्डा पडला. म्हाताऱ्याने खराटा परत घेतला आणि तेवढी जागा पुन्हा झाडली. बार्तने हेही वहीत लिहिलं. अनेकेने त्याला डच भाषेत काहीतरी विचारलं. त्याने सांगितल्यावर ती हसली आणि बरंच बोलली.

"काय म्हणतात बाई?" वागियेमने विचारलं.

बार्तने भाषांतराला वेळ लावला. "म्हणते, आमच्या घराशेजारी पवनचक्की आहे. मी तिची कार्डं जगभर पाठवतो. चाळीस वर्षांत वर चढलेलो नाही."

"जवळच आहे ना," वागियेम म्हणाली. "मग राहून जातं."

परतताना गल्लीच्या तोंडाशी ती सवयीने म्हणाली, "या, बसून जा." बार्तने बायकोकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि आमच्या भाषेत नीट म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की." वागियेम खूश झाली.

कट्यारी गेल्या, पण मान गेला नाही. पुढच्याच महिन्यात तुमिनीच्या भाचीचं लग्न निघालं. तुमिनी बाकड्याशी येऊन उभी राहिली. "बु, तांदूळ कुठून?"

"मला काय माहीत? माझा नवरा झाडूवाला होता."

"तरी."

"उजवीकडून."

राहता राहिला तो म्हातारा. त्याचं नाव विर्यो. तो सुवार्जोच्या शेजारचं अंगण झाडायचा, घरी त्याची बायको आहे आणि नातवंडं सात. वाडा त्यानेच तिला समजावून सांगितला. वागियेम अकरा गुरुवार राजवाड्यात जात होती, दर वेळी तिकीट काढून, कारण त्याआधी तिने वाडा आतून कधी बघितला नव्हता.