व्हादे मेकम आणि पोशेऱ्याचा चढ

पिकांवरच्या औषधांच्या कंपनीचा माणूस माझ्या जव्हारच्या शेतीच्या दुकानात खोकं घेऊन आला, तेव्हाच मला गडबडीचा वास आला. फुकट द्यायला आलेल्याला मी आधी पायरीवरच उभा करतो. खोक्यात खिशात मावतील अशी पुस्तकं होती. कोणतं औषध किती पाण्यात, सगळं त्यात. वर मोठ्या अक्षरांत ‘व्हादे मेकम’.

“शेठ, गल्ल्याजवळ ठेवा. शेतकरी नेतील.”

“हे नाव कुठलं?”

“हातपुस्तिकेला म्हणतात तसं.”

म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. मी ठाण्याला कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीला फोन लावला.

“लॅटिन आहे, बाबा. व्हादे म्हणजे चल, मेकम म्हणजे माझ्याबरोबर. वैद्य, वकील, प्रवासी जवळ बाळगायचे त्या छोट्या पुस्तकांना युरोपात काही शतकांपासून हे नाव आहे. आणि तुम्ही भांडू नका.”

भांडायला कारण होतं. गेल्या हंगामात याच कंपनीच्या तणनाशकाने पोशेऱ्यात, त्या चढावरच्या गावात, भाताची रोपं पिवळी पडली. शेतकऱ्यांचं प्रमाण चुकलं, असं सांगून कंपनी मोकळी झाली. नाव माझं खराब झालं. पोशेऱ्याचा माणूस एकटा खरेदीला येत नाही. मेहुणा, शेजारी, कोणीतरी सोबत असतो. तोच डबा उलटसुलट करून बघतो, घेणारा गप्प उभा. ते सोबती आता माझं दुकान टाळून पुढे जात होते. पोती वाहून उभं केलेलं दुकान माझं. पुन्हा चुकलं तर कंपनी पुस्तकाकडे बोट दाखवणार, आणि पुस्तक माझ्या दुकानातलं.

“सगळं खोकं ठेवतो,” मी म्हणालो. “पण फवारणीला तुम्ही पोशेऱ्याला चलायचं. चढ आहे, बूट बदलून या. सगळ्यांसमोर औषध तुमच्या हाताने मोजायचं.”

“शेठ, माझ्याकडे तालुके किती!”

“मग पुस्तकाचं नाव बदला.”

तो हसला. मी नाही. वरती विचारतो म्हणत त्याने खोकं पुन्हा मोटारसायकलला बांधलं.

“फुकटातही घासाघीस का, शेठ?” समोरचा चहावाला ओरडला.

“फुकटातच करावी लागते!”

तो परत आलाच नाही. फवारणीच्या दिवशी दुकान बंद करून, दुसऱ्या कंपनीचं औषध घेऊन मीच पोशेऱ्याचा चढ चढलो. बांधावर कोणी बसा म्हणालं नाही. पंपात पाणी भरून झालं, तेव्हा एकाच्या मेहुण्याने औषधाचं माप माझ्यापुढे धरलं.

“मोजा. आम्ही बघतो.”

मी मोजलं. सगळे वाकून बघत होते.