बठ्ठं रिकामं शे
प्रत्येक घराण्यात एक माणूस प्रिंटर, मोबाइल आणि रुसलेला टीव्ही यांच्यासाठी राखीव असतो. आमच्यात तो मान माझा. नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, नवा कॉम्प्युटर घेतला आणि मला धुळ्याहून नरडाण्याला बोलावून घेतलं.

जुन्या कॉम्प्युटरवर कोणीतरी लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली घालून दिली होती. नजर अधू झाल्यामुळे स्क्रीनवर कोणतं चित्र कुठे आहे ते नानांनी पाठच केलेलं. नवीन काही शिकायची तयारी नव्हती. "शे तसं बठ्ठं पाहिजे," ते म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं, शे म्हणजे आहे, एवढी अहिराणी मला धुळ्यात राहूनही येते.

त्यांचा जीव कशात अडकला होता ते मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून टाकतो. काकू हळदीची गाणी म्हणायच्या, ती नानांनी त्या जुन्या मशीनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. काकू आता नाहीत आणि तो आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

मी मात्र तज्ज्ञ होतो. नव्या मशीनमध्ये यूईएफआय नावाचं, मशीन जागं करणारं सॉफ्टवेअर असतं. सुरुवात करून देणारी फाइल ठरलेल्या छोट्या कप्प्यात, ठरलेल्या पद्धतीनंच ठेवावी लागते. नाहीतर ते अख्ख्या भरलेल्या डिस्कला ओळखही देत नाही. तालुक्याच्या कचेरीत वाढलं असावं. मी कप्पा केला, लिनक्स उचलून नव्या डिस्कवर आणलं, बूटलोडर, म्हणजे ती सुरुवातीची फाइल, बसवला. तरी सुरू होताना ते जुन्या डिस्कच्या कुठल्याशा दुसऱ्या भागासाठी अडून बसलं. नसती कटकट नको म्हणून मी सेटिंगमधली त्या भागाची ओळच उडवली. लगेच सुरू झालं! अशा वेळी माणसाला स्वतःबद्दल फार आदर वाटतो.

नाना नव्या स्क्रीनसमोर बसले. मी जुनी डिस्क पुसायला घेतली. ते जुनं मशीन शेजाऱ्यांना द्यायचं ठरलं होतं.

"बठ्ठं कोठे शे?" नानांनी विचारलं.

"आलं ना नाना, बठ्ठं आलं."

"बठ्ठं रिकामं शे."

"रिकामं कसं? सगळी चित्रं जागच्या जागी दिसताहेत की."

"ते दखाई ऱ्हायनं. पन बठ्ठं रिकामं शे!"

वय झालं की माणूस हट्टी होतो, असं मनाशी म्हणत मी डिस्क पुसायची आज्ञा लिहिली. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं. नानांनी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट नव्या स्क्रीनवर टेकवलं. तिथे एक फोल्डर होता. त्याचं नावच 'बठ्ठं' होतं, आणि तो खरोखरच रिकामा होता. त्यातली गाणी होती त्या दुसऱ्या भागात, ज्याची ओळ मी उडवली होती. मी लिहिलेली आज्ञा अक्षर अक्षर खोडली आणि आधी गाणी कॉपी करायला लावली.

कॉपी होईपर्यंत मी कीबोर्डला बोटही लावलं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. मग नानांनी पहिलं गाणं लावलं. आधी खरखर, मग भांड्यांचा आवाज, मग माइकच्या अगदी जवळ येऊन काकू: "चालू शे का?"

"शे," नाना स्पीकरकडे बघून म्हणाले.