बाबांनी नोटीस दोनदा फाडली

आमच्या चारकोपच्या घरात देवघरापेक्षा पत्रकांचा गठ्ठा उंच होता. मी वाचायला शिकले ती कामगारांच्या मागण्यांवर बोट फिरवत. बाबा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते आणि तिथल्या शेवटच्या मोठ्या संपात सगळ्यांच्या पुढे होते. गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्धाला त्या संपावर एक पुस्तिका काढायची, असं मी ठरवलं.

हाताशी दोन मजकूर होते. एक पत्रक, संप मोडला त्याच आठवड्यात बाबांच्या मित्राने लिहिलेलं, धापा टाकत लिहिल्यासारखं. दुसरा लेख बऱ्याच वर्षांनी युनियनच्या विशेषांकात आलेला, भारदस्त. मी दोन्ही जोडून एक सलग हकिकत केली. जुळलं नाही तिथे दोन्ही घेतलं. टाळेबंदीची नोटीस बाबा पत्रकात संपाच्या अखेरीस फाडतात, लेखात पहिल्याच सकाळी. माझ्या मसुद्यात त्यांनी ती दोनदा फाडली.

मसुदा ऑफिसातल्या मैत्रिणीने डबा खाताना वाचला. ती अंधेरीच्या जुन्या गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे इथली मूळची ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्म शिकवते.

"काय गं, तुझ्या बाबांना दुसरं काम नव्हतं काय? रोज नोटीस फाडायचे?"

"दोघांनी लिहिलंय. कुणाला खोटं पाडू?"

"आमच्यात पण हेच करतात ना! येशूची गोष्ट बायबलात चौघांनी लिहिलीय. येशूने मंदिरात सराफांची टेबलं उलथवली. योहान ते सुरुवातीलाच सांगतो, बाकीचे तिघं शेवटच्या दिवसांत. मग कोणीतरी हुशार म्हणतो, दोनदा उलथवली. झकास! सराफ परत येऊन बसले, परत मार खायला."

"मग मुलांना काय सांगतेस?"

"की चौघं चार ठिकाणी बसून चार वेगळ्या लोकांसाठी लिहीत होते. योहानला ती गोष्ट दारातच उभी करायची होती. यार, तू पत्रकवाली ना? हे मी तुला सांगायचं?"

मला ते लागलं. मी त्या चौघांची चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, आणली आणि शेजारी शेजारी ठेवून वाचली, सोबत अभ्यासकांचं मिळेल ते. मी श्रद्धाळू नाही, पण प्रचाराचा मजकूर कसा तयार होतो हे मला कळतं. मार्कचं सगळ्यात आधीचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि वाचताना ते पटतं. छोटं, घाईतलं, जन्मकथेला वेळच नाही. मत्तय आणि लूक यांच्यासमोर ते होतं. ओळीच्या ओळी त्यांनी उचलल्या, अवघडलेल्या जागा गुळगुळीत केल्या, वर आपापली भर घातली. बाळ येशूला बघायला येणारे पूर्वेकडचे ज्ञानी फक्त मत्तयकडे, मेंढपाळ फक्त लूककडे. नाताळच्या देखाव्यात आपण दोघांना एकाच गोठ्यात उभे करतो. मूळ मजकुरांवर लेखकांनी नावं घातली नव्हती. ती पुढच्यांनी चिकटवली. दुसऱ्या शतकात एकाने चारही जोडून एक सलग कथा केली होती. सिरियातल्या चर्चमध्ये ती पिढ्यान् पिढ्या वाचलीही गेली. शेवटी तिथेही चार वेगळी परत आली. मी म्हणते, बरं झालं. जोडकामात चारही साक्षीदारांचा आवाज जातो आणि उरतो तो जोडणाऱ्याचा.

एका जागी मी थांबले. मार्क सांगतो की येशूच्या घरच्यांना वाटलं, ह्याचं डोकं फिरलंय, आणि ते त्याला धरून न्यायला निघाले. बाकी तिघांत हे नाही. नायकाबद्दल असलं कोणी मागाहून घालत नाही, मागाहून गाळतात.

मी बाबांचे दोन मजकूर तसेच शेजारी ठेवले. लेखाने पत्रकातली वाक्यं जशीच्या तशी घेतली होती. गाळलं होतं एकच: बाबा गेटसमोर उपोषणाला बसले असताना त्यांची बायको, म्हणजे माझी आई, आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यांचं डोकं फिरलंय, ह्यांना घरी न्या." ते पत्रक माझ्या लहानपणापासून घरात होतं आणि ही ओळ मी कधी नीट वाचली नव्हती. मसुद्यातही मी ती गाळली होती, जागा नाही म्हणून.

मी जोडकाम फेकलं. दोन्ही मजकूर वेगवेगळे, पूर्ण छापायचे ठरवले आणि आईला दाखवले. तिने ती ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला.

"काढ गो हे."

"तू म्हणालीस की नाही?"

"म्हणाले. म्हणून काय छापायचं? वर्षश्राद्धाला जेवायला त्यांचे सगळे साथी येणार. हातात देशील, ही बघा, हिने संप मोडायला बघितला."

"आई, गाळलं तर आपणही त्या लेखासारखंच केलं."

"तुझं काय जातं? तुझे बाबा मोठेच राहतात. खाली मी पडते."

हे खरं होतं. खरं छापायचं तत्त्व माझं, तोंड लपवायची वेळ तिची. तरी मी म्हटलं, गाळणार नाही. तिसऱ्या दिवशी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या पत्रकवाल्याने मी काय बोलले ते लिहिलं. का बोलले ते त्याने मला विचारलंच नाही."

"मी विचारते."

"मग लिही. आणि माझं माझ्यासारखंच ठेव. त्या लेखासारखं शहाणं करू नको."

मी लॅपटॉप उघडला. ती म्हणाली, "घरात तांदूळ होते. रोज त्यांच्यासाठी भात शिजवत होते आणि रोज तो तसाच राहत होता. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं नाही. मला संपाचं काही नव्हतं. मला माणूस पाहिजे होता."

मी 'उपोषणामुळे प्रकृती खालावून' असं टाइप करायला लागले. तिने माझं मनगट धरलं.

"मी असं बोलले?"

मी पुसलं. ती पुन्हा पहिल्या वाक्यापासून सांगू लागली.