कानातली चक्की

वांकिडी मंडलातलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हा महाराष्ट्राच्या सीमेवरचा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि मी नवी सब-इन्स्पेक्टर होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. स्टेशनात माझ्यापेक्षा हेड कॉन्स्टेबलचा आवाज मोठा होता.

सकाळीच सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध झालेला एक शेतकरी आणला होता. हातावर सलाईनची ताजी खूण होती, पण बायको म्हणत होती, काहीच उपचार केले नाहीत. मलेरियावरचं क्विनाईन आधी गेलं असेल, तर सुरुवातीचा मोठा डोस हृदयाला घातक. गेलं नसेल, तर त्या डोसाशिवाय माणूस वाचणं कठीण.

ती का लपवते हे मला कळत होतं. बिनपदवीच्या डॉक्टरांवर आमच्याच धाडी चालू होत्या, आणि नाल्यापलीकडच्या त्या गावाला दुसरा डॉक्टर नव्हता.

मी दवाखान्यात पोचले. क्विनाईनने कान वाजतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायकोसमोर मी औषधाचा विषयच काढला नाही. शुद्ध जाण्याआधी नवरा काय बोलत होता, एवढंच विचारलं.

"चक्की बंद करा म्हने. आमच्या गावात चक्की हाये कुठं? तापात बडबडून ऱ्हायले होते."

म्हणजे क्विनाईन गेलं असावं. पण किती आणि कधी?

मी स्टेशनात परतले. गावच्या डॉक्टरला शिपायांनी तिथे आणून बसवलं होतं. हेड कॉन्स्टेबल टेबलावर काठी आपटत होते. "सुई कोनं टोचली, सांगतं का नाई बे?"

"साहेब, मी तापाची गोळी देल्ली फक्त."

मी हेड कॉन्स्टेबलना बाहेर थांबायला सांगितलं. "तुमच्यासंगं नाई बोलनार तो, मॅडम," म्हणत ते गेले.

"तुमच्या पेशंटच्या कानात चक्की वाजत होती," मी म्हणाले. "तिकडे डॉक्टर सुई भरून थांबलेत."

त्याने मान खाली घातली. "केस होईल ना, मॅडम?"

"होईल."

"काल सांजेला. सलाईनमधून क्विनाईन, दोन अँप्युल."

मी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी मोठा डोस टाळून पुढचा उपचार सुरू केला. शेतकरी वाचला.

आरोपी स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. इथे बायको नवरा मरत असतानाही दुसऱ्यालाच वाचवत होती. पुढे नोकरीभर मी चौकशीला बसताना आधी विचार करायचे, खरं सांगितल्यावर या माणसाचं काय जाणार आहे.

केस मी नोंदवलीच. जबाबावर अंगठा देऊन शेतकऱ्याची बायको म्हणाली, "आता पोराले ताप आला तर कोनाकडं नेऊ?"

"याच दवाखान्यात आणा."

"आन् नाल्याले पूर असला तर?"